राइड ठेका (जॅझ)

जॅझ ड्रमवादनात राइड झांजेवर अखंड वाजणारा चार मात्रांचा मूलभूत ठेका. जो जोन्स यांनी 1930 च्या दशकात लय धरण्याचे काम बास ड्रमवरून हाय-हॅटवर आणले. 1940 च्या सुमारास केनी क्लार्क यांनी ते राइड झांजेवर नेले (पहा : बीबॉप).

पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर एकेक आघात होतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेचे तिस्र जातीप्रमाणे तीन भाग मानून पहिल्या व तिसऱ्या भागावर आघात करतात. मधला रिकामा राहतो (पहा : स्विंग). लय द्रुत होते तशी ही विभागणी समान होत जाते. स्वरलेखनात हा फरक उतरत नाही, म्हणून ध्वनिमुद्रणे ऐकणे हाच अभ्यासाचा गाभा. नवशिका आधी केवळ झांज साधतो, मग दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पायाने मिटणारा हाय-हॅट, नंतर हलका बास ड्रम. स्नेअरवरील मुक्त आघात शेवटी.

मुंबईत 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे चिक चॉकलेट आदी गोमंतकीय वादकांनी जॅझ रुजवला. 1978 मध्ये येथे ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू (ज. 1951) तबला व ड्रम एकत्र वाजवतात (पहा : गुर्टू, शोभा).