सर्व्हरवर मांडलेलं पान

ब्राउझरमध्ये एखादं पान उघडा आणि त्याचा सोर्स पाहा. काही ठिकाणी मथळा, मजकूर, किंमत असं सगळं तिथेच लिहिलेलं सापडतं. काही ठिकाणी सापडतो एक रिकामा डिव्ह आणि एका जावास्क्रिप्ट फाइलचा पत्ता. पहिल्या पानासाठी सर्व्हर आधीच राबलेला असतो. दुसऱ्यात वाचकाला ताटाऐवजी शिधा दिलेला असतो, रांधायचं त्याच्या फोनने. आज दिल्लीतल्या द्वारकेपासून पुण्याजवळच्या हिंजवडीपर्यंत प्रकल्पाप्रकल्पांत ‘एसएसआर’, म्हणजे सर्व्हर-साइड रेंडरिंग, लावलं जातं. त्याचं कूळ या श्रमविभागणीत आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेब उभं केलं, तेव्हा सर्व्हर मुख्यतः तयार फाइल उचलून पाठवायचा. 1993 मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए संस्थेच्या सर्व्हरसोबत सीजीआय आलं आणि मागणी आली की प्रोग्राम चालवून त्याच क्षणी पान लिहिण्याची सोय झाली. जून 1995 मध्ये रासमुस लेर्डॉर्फ यांनी पीएचपीची साधनं खुली केली, आणि हे काम हौशी माणसाच्याही आवाक्यात आलं. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच घराण्यातला. त्यामागचं मीडियाविकी पीएचपीत लिहिलेलं आहे. लेख सर्व्हरकडूनच पूर्ण मांडून येतो. जावास्क्रिप्ट बंद करून पाहा, लेख तरीही वाचता येतो.

मग काम ब्राउझरकडे सरकलं. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट लिहिली. 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मुळे पान पुन्हा न उघडता मागून माहिती आणता येऊ लागली. 2004 चं जीमेल आणि 2005 चे गूगल मॅप्स यांनी त्याची ताकद दाखवली. 2010 च्या सुमाराला बॅकबोन आणि अँग्युलर या जावास्क्रिप्ट चौकटी आल्या, आणि अख्खं पानच ब्राउझरमध्ये घडवण्याची रीत पडली.

त्याची किंमत वाचक मोजू लागला. आधी जावास्क्रिप्टचं बंडल उतरवायचं, मग ते चालवायचं, मग माहिती मागायची. तोवर पडदा पांढरा. शोधयंत्रांनाही रिकामी पानं वाचता येईनात. अखेर मे 2012 मध्ये ट्विटरने पान मांडण्याचं काम परत सर्व्हरवर नेलं आणि पहिलं पान उघडण्याचा वेळ एक पंचमांशावर आल्याचं जाहीर केलं.

पण जुन्या रीतीकडे सरळ परतणं शक्य नव्हतं, कारण दरम्यान सगळे घटक जावास्क्रिप्टमध्ये लिहिले गेले होते. वाट दोघांनी मोकळी केली. रायन डाल यांच्या नोडने 2009 मध्ये जावास्क्रिप्ट सर्व्हरवर आणली होती, आणि मे 2013 मध्ये खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टमध्ये ब्राउझरशिवाय घटकाचं एचटीएमएल काढून देणारं फंक्शन होतं. एकच कोड दोन्हीकडे चालू लागला: सर्व्हर पान लिहून देतो, ब्राउझर नंतर त्याच पानाला बटणांची हालचाल जोडतो. या जोडणीला हायड्रेशन म्हणतात. 2016 मध्ये हे सगळं तयार देणारी, रिअ‍ॅक्टवर उभी नेक्स्ट ही चौकट आली. त्याच वर्षी एअरबीएनबीने हायपरनोव्हा खुलं केलं, आणि रेंडरिंग ही वेगळी सेवा झाली: मुख्य अ‍ॅप्लिकेशन घटकाचं नाव नि माहिती पाठवतं, सेवा एचटीएमएल परत देते. सेवा कोलमडली तर पान ब्राउझरमध्ये घडतं. वाचक अडत नाही.

अशी सेवा उभी करताना खरी कसोटी असते दोन्हीकडचं पान जुळण्याची. द्वारकेत रात्रीचे दोन वाजलेत, 15 तारीख लागलीय. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठच झालेत. सर्व्हर 14 छापतो, ब्राउझर 15 म्हणतो, आणि हायड्रेशन बिनसतं. मराठी पानांना आणखी एक अडचण होती. नोडच्या 13 व्या आवृत्तीआधी, म्हणजे 2019 पर्यंत, नेहमीच्या बिल्डमध्ये इंग्रजीचीच लोकेल-माहिती, म्हणजे तारखा आणि अंक लिहिण्याची भाषेनुसारची रीत, असे. सर्व्हर तारीख इंग्रजीत लिहायचा, ब्राउझर मराठी अंकांत. म्हणून वेळ-क्षेत्र आणि लोकेल स्पष्ट सांगावीत. एका वाचकाची माहिती ग्लोबल व्हेरिएबलमध्ये कधीही ठेवू नये: तीच प्रोसेस पुढच्या क्षणी दुसऱ्याचं पान मांडत असते.

लॉगिनमागच्या, दिवसभर उघड्या राहणाऱ्या डॅशबोर्डला या खटाटोपाची फारशी गरज नाही. निकाल, बातमी, दवाखान्याच्या वेळा, सरकारी योजना यांची गोष्ट निराळी. द्वारकेहून निघालेली मेट्रो राजीव चौकाच्या आधी भुयारात शिरते, सिग्नल डळमळतो. एचटीएमएल पोचलेलं असेल तर बंडल अडकूनही मजकूर वाचता येतो. सर्व्हर किती ताकदीचा घ्यायचा हे आपण ठरवतो, वाचकाचा फोन आपण ठरवत नाही. म्हणून पहिलं पान मांडण्याचे कष्ट आपल्या बाजूला घेणं हे वाचकाप्रति आपलं कर्तव्य आहे.