पंचहौदाचा चहा आणि आपला जिना

एका चहावरून पुण्यात दोन वर्षं वाद चालला होता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. संपादक मंडळाने "काहीतरी इतिहासाचं लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मला हीच हकिकत आठवली. भोरहून एसटीने स्वारगेटला उतरलं, की गुरुवार पेठेतलं पंचहौद चालत जाण्याइतकं जवळ. तिथलं १८८५ सालचं ख्रिस्ती देवालय आजही उभं आहे.

१८९० साली तिथल्या मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तो घडवून आणला गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या यजमानांनी. पुण्यातली नामवंत मंडळी जमली होती. कार्यक्रमानंतर यजमानांच्या रीतीप्रमाणे चहा-बिस्किटं पुढे आली. थोड्याच दिवसांत गोपाळरावांनी हजर मंडळींची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तेही स्वतःपेक्षा अडचणीत आलेल्या मित्रांसाठी.

या प्रकरणात बोलबाला झाला तो पाहुण्यांचाच. मला मात्र त्यात पाहुणचाराच्या दोन बाजू दिसतात. दार उघडायला मन मोठं लागतं. उघडलेल्या दारातून आत जाऊन पुढे आलेला कप घ्यायलाही धीर लागतो.

नव्या करारात पाहुणचारासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थच 'परक्यावरचं प्रेम' असा आहे. पण प्रेम म्हटलं की पाहुण्याचा मान राखणंही आलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या. तरी सदनातल्या हिंदू मुलींना आपापला सोवळ्या-ओवळ्याचा आचार पाळण्याची मोकळीक होती. पुढे काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद अजून संपलेला नाही. एवढं मात्र कळतं, की पाहुणचारामागे काही हेतू आहे अशी शंका आली, की गोड घासही घशाखाली उतरत नाही.

आता लक्ष्मीबाई टिळकांचं पाहा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याबरोबर राहायला आल्या, तरी आधी स्वयंपाक वेगळाच. नवराबायकोत सोवळ्याची भिंत! ती भिंत कुणी पाडली नाही, हळूहळू त्यांची त्यांनाच ती नकोशी झाली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना याच बाईंनी घरात घेतलं. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येतं आणि डोळेही भरतात.

आपल्यातले बरेच जण वेल्ह्याच्या खोऱ्यातून नाहीतर भाटघरच्या काठच्या गावांतून इथे आलेले. आलेल्याला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा, ही आपली रीत. पण जुन्या माणसांना विचारा, काहींसाठी वळचणीला खोचलेली कपबशीही वेगळी असायची. दोन्ही आपलंच. एक सांगायचं आणि दुसरं लपवायचं, असं इतिहासात चालत नाही.

पंचवीस वर्षांत आपल्या जिन्यात काय बदललं? आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबाचं दार नाताळात सगळ्यांना उघडं असतं. पहिल्या वर्षी दोघं-तिघंच गेले, तेही दारातूनच शुभेच्छा देऊन परतले. त्या घरच्या ताईंनी दुसऱ्या वर्षी बिनअंड्याचा केक वेगळा केला, वेगळ्या ताटात ठेवला आणि तसं आधीच सांगून टाकलं. आता त्या दिवशी चपला ठेवायला जागा पुरत नाही. दिवाळीचे डबे त्यांच्याकडे जातात आणि रिकामे कधी परत येत नाहीत.

म्हणूनच मागच्या सर्वसाधारण सभेत "भाडेकरू आपल्यातलाच असावा" अशी सूचना आली, ती मला खटकली. 'आपल्यातला' म्हणजे कोण? भोरचा? आपल्या जातीचा? आपल्यासारखं जेवणारा? सूचनेचा निर्णय पुढच्या सभेवर ठेवलाय. सभासद बंधु-भगिनींनो, हात वर करण्याआधी एवढा विचार करा, की पंचहौदात चहा देणाऱ्यांनी कुणाची जात विचारली नव्हती. चौकशी झाली ती पिणाऱ्यांची, आणि ती त्यांच्याच माणसांनी केली. शंभर वर्षांनंतरच्या स्मरणिकेत आपल्या जिन्याबद्दल काय लिहिलं जावं, हे त्या सभेत आपणच ठरवणार आहोत.