फिलिपीनमधील कालचे लोकजीवन



या व्यासपीठावर इतिहासाविषयी बोलायला बहुधा प्राध्यापक मंडळी येतात. मी कामगार संघटनेचा साधा कार्यकर्ता. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा राजे, लढाया आणि तह यांविषयी मी बोलू लागलो तर तो आगाऊपणा ठरेल. परंतु गरीब माणूस कशात बसून कामावर जात होता, कर्ज कोणाकडून काढीत होता आणि संध्याकाळी कशाने रमत होता, हाही इतिहासच आहे. त्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मलाही आहे, असे मी समजतो.

आता विषय फिलिपीनचाच का? सुमारे वीस वर्षांपूर्वी न्हावाशेवा बंदरात लागलेल्या एका बोटीवरचा फिलिपिनो खलाशी मला उरणच्या एका टपरीवर भेटला. वयाने माझ्याएवढाच, मनिलातील तोंडो या कामगार वस्तीत वाढलेला. मी मुंबईचा, असे सांगताच तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "बुंबाय!" त्याच्या देशात हा शब्द हिंदी माणसाला लावतात, आणि त्यातही हिंदी सावकाराला. दुचाकीवर छत्र्या आणि मच्छरदाण्या लादून हा बुंबाय वस्तीवस्तीतून हिंडायचा, माल हप्त्याने द्यायचा आणि रोकड कर्जही द्यायचा. त्या कर्जाचे नावच 'पाच-सहा': पाच घ्यावेत, सहा परत करावेत. पोर ऐकेनासे झाले की आई म्हणे, बुंबाय येईल आणि पिशवीत घालून नेईल! हे सावकार बहुतेक पंजाबी आणि सिंधी. परंतु नाव पडले ते आपल्या शहराचे.

मंडळी, मला त्या हसण्याचे वाईट वाटले, आणि ओळखही पटली. आमच्या गिरणगावात एके काळी पगाराच्या दिवशी फाटकाशी दांडका घेऊन पठाण उभा असे, हे मी आजोबांकडून ऐकले होते. पठाणाने गिरणी कामगाराच्या घरात जी जागा घेतली होती, तीच तेथे बुंबायने घेतली होती. ज्याला बँक दारात उभी करीत नाही, त्याच्या दारात कोणी तरी परका येऊन उभा राहतोच. त्या दिवसापासून मी त्या देशाविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि त्या खलाशाने सांगितलेल्या आठवणी त्या वाचनाशी ताडून पाहू लागलो.

प्रथम त्याच्या गल्लीतले दुकान घेऊ. त्याला 'सारी-सारी' म्हणतात. सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचे. घराच्याच खिडकीला जाळी लावून एखादी बाई ते चालविते. या दुकानाचा धर्म म्हणजे 'तिंगी', अर्थात सुटी विक्री. एक सिगारेट, लसणाची एक कुडी, पेलाभर तेल, औषधाची एकच गोळी. पैसे नसले तर वहीत नाव. या वहीला 'लिस्ता' म्हणतात. फिलिपिनो लोक आज या दुकानाची आठवण मोठ्या प्रेमाने काढतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्या खिडकीशी साऱ्या गल्लीची सुखदुःखे बोलली जात. पण आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. माणूस एकच सिगारेट का घेतो? ज्याची मजुरी रोजच्या रोज येते आणि रोजच्या रोज संपते, त्याला पाकीट परवडत नाही म्हणून. सुटा माल हिशेबाने महागच पडतो. गरिबाला गरिबीचाही कर द्यावा लागतो तो असा.

दुसरी आठवण जीपनीची. १९०५ पासून मनिलात विजेच्या ट्रामगाड्या धावत होत्या. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकन आणि जपानी सैन्यांची लढाई शहरात घरोघर झाली. सुमारे एक लाख नागरिक मेले, आणि ट्रामही गेली ती कायमची. मागे उरल्या त्या अमेरिकन सैन्याच्या टाकाऊ जीपगाड्या. कारागिरांनी त्या विकत घेतल्या, मागून लांब केल्या, दोन्ही अंगांना बाके टाकली, वर छप्पर चढविले आणि रंगवून काढल्या. १९५३ साली लेओनार्दो साराओ नावाच्या, पूर्वी घोडागाडी हाकणाऱ्या माणसाने लास पिन्यास येथे जीपनीचा कारखाना काढला, आणि पुढे साराओ हे नाव जीपनीशी कायमचे जोडले गेले. नालबंदाच्या दुनियेतला माणूस मोटारीचा कारखानदार झाला!

जीपनीत मागे बसलेल्याने भाड्याचे पैसे शेजाऱ्याच्या हाती द्यायचे, ते हातोहात चालकापर्यंत जायचे आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत यायचे. त्याला या रीतीचा केवढा अभिमान! मी त्याला विचारले, चालकाला पगार काय मिळे? तो म्हणाला, पगार कसला, 'बाउंडरी'! मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यायची, तेल आपण घालायचे आणि उरेल ती आपली कमाई. आजारी पडला तर कमाई शून्य. म्हणजे पैशापैशाला जपणाऱ्या त्या प्रामाणिक हातांच्या ओळीत शेवटच्या माणसाला मात्र दिवसाअखेर काय उरेल याची शाश्वती नव्हती. २०१७ पासून तेथील सरकारने जुन्या जीपनी काढून नव्या गाड्या आणण्याची योजना हाती घेतली, तेव्हा नव्या गाडीचे कर्ज फेडायचे कसे, या प्रश्नावर चालकांनी संप केले. जीपनीची छायाचित्रे भिंतीवर लावणे सोपे आहे. तिच्या चालकाची बाजू घेणे अवघड आहे.

आता करमणुकीकडे वळू. 'लिवायवाय' हे तागालोग भाषेतले साप्ताहिक १९२२ साली निघाले. त्यात १९२९ साली केनकॉय अवतरला: चापून बसविलेले केस, अमेरिकन थाटाचे कपडे आणि मोडकी इंग्रजी. साहेबाची नक्कल करणाऱ्या देशबांधवाची ही थट्टा लोकांना इतकी पटली की विनोदी माणसाला आजही केनकॉय म्हणतात. १९५० साली मार्स राव्हेलो यांनी 'दारना' निर्माण केली. खेड्यातली साधी पोर एक खडा गिळते आणि आकाशात उडणारी वीरांगना होते. ही चित्रकथांची पुस्तके विकत घेणे सर्वांना जमत नसे. दुकानाशी दोरीवर ती टांगलेली असत, चार पैसे देऊन बाकावर बसून वाचायची आणि परत करायची. वाचनालयच की ते!

सिनेमाला जाणाऱ्या गरीब प्रेक्षकांना तेथील शिष्ट मंडळी 'बाक्यावाले' म्हणत. बाक्या म्हणजे गरिबांच्या पायातली लाकडी पादत्राणे. आपल्याकडे 'पिटातले प्रेक्षक' म्हणत, त्यातलाच हा प्रकार. पण याच बाक्यावाल्यांनी एक चमत्कार घडविला. इरिगा येथील रेल्वे स्टेशनात पाणी विकणारी नोरा औनोर नावाची सावळी, ठेंगणी मुलगी १९६७ साली 'तावाग नांग तांघालान' या गायनस्पर्धेत पहिली आली आणि पाहता पाहता देशातली सर्वांत मोठी नटी झाली. तोवर पडद्यावर मान होता तो गोऱ्या, युरोपीय वळणाच्या चेहऱ्यांना. कामकरी बायकांना प्रथमच आपल्यासारखा चेहरा पडद्यावर दिसला. २०२२ मध्ये तिला राष्ट्रीय कलावंत ही पदवी मिळाली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ती वारली.

माझ्या खलाशी मित्राची सर्वांत लाडकी आठवण मात्र 'व्होल्टेस फाइव्ह' या जपानी चित्रमालिकेची. १९७८ पासून ती दूरचित्रवाणीवर लागे, आणि ज्याच्या घरी संच असेल त्याच्या खिडकीत पोरांची झुंबड उडे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये, शेवटचे थोडेच भाग उरले असताना, अध्यक्ष मार्कोस यांनी ती बंद केली. मुलांवर हिंसेचा वाईट परिणाम होतो, हे दिलेले कारण. कथेत जुलमी सत्तेविरुद्ध बंड होते, हे लोकांनी ध्यानात ठेवलेले कारण. तिशी उलटलेला तो गडी हे सांगताना आठ वर्षांच्या मुलासारखा रागावला होता.

मी त्याला विचारले, "तुझ्याच तोंडोत १९७५ च्या ऑक्टोबरात ला तोंदेन्या मद्याच्या कारखान्यात संप झाला, तो तुला ठाऊक आहे?" १९७२ पासून देशात लष्करी कायदा होता, संपाला बंदी होती, आणि तरीही तात्पुरत्या कामगारांना कायम करा म्हणून ते लोक उठले होते. त्या अंधारातला तो पहिला मोठा संप. तो म्हणाला, नाही, कधी ऐकले नाही.

मला त्याला हसण्याचा अधिकार नव्हता. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील गिरणीत होते. १९८३ च्या जूनमध्ये आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तो सामना शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने ऐकल्याचे मला लख्ख आठवते. आनंदाने ओरडत मी घरी आलो तेव्हा वडील दारात बसले होते, हेही आठवते. ते दीड वर्ष दारातच का बसले होते, घरात काय शिजत होते, आईच्या हातातल्या बांगड्या कोठे गेल्या, हे मी विचारले नाही. शाळा सुटली तेव्हा विचारले, आणि उत्तर ऐकून युनियनमध्ये आलो. सांगायचे एवढेच की मुलाची आठवण खोटी नसते, पण अर्धी असते. उरलेली अर्धी आईबापांनी झाकून ठेवलेली असते.

ही अर्धी आठवण एकटी सोडली तर काय होते, हेही त्याच देशात दिसते. १९७० नंतरच्या दशकात शाळांतून मुलांना 'न्यूट्रिबन' नावाचा जाडजूड पाव मिळे. तो अमेरिकन मदतीच्या योजनेतला. तरीही कित्येक लोक त्याची आठवण मार्कोस यांची देणगी म्हणून काढतात, आणि त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतात. पाव आठवतो, तुरुंगात टाकलेली माणसे आठवत नाहीत. १९८६ मध्ये जनतेने ज्यांना घालविले, त्यांचेच चिरंजीव २०२२ मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याला कारणे अनेक असतील. पण त्या गोड आठवणींचाही प्रचारात उपयोग झाला, हे उघड आहे.

शेवटची आठवण एका कॅसेटची. १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीला सरकारी वळण दिले आणि लक्षावधी माणसे बाहेर पडली. त्याचे वडील सौदीत गेले. पत्राऐवजी ते आवाज भरून कॅसेट पाठवीत. साऱ्या घराने भोवती बसून ती ऐकायची. आमच्या रत्नागिरीकडच्या घरांनाही हे नवे नाही. त्याने वडिलांचा आवाज जितका ऐकला तितका चेहरा पाहिला नाही. पुढे तो स्वतः बोटीवर चढला, आणि त्याची मुले त्याला टेलिफोनवरून ओळखू लागली. १९९५ मध्ये सिंगापुरात फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो मोलकरणीला फाशी झाली तेव्हा सारा देश हळहळला, आणि तिची भूमिका पडद्यावर केली ती पाणी विकणाऱ्या त्याच नोराने. वर्तुळ पुरे झाले ते असे.

श्रोतेहो, जुन्या दिवसांची ओढ वाईट नाही. ज्याच्यापाशी दुसरी मालमत्ता नाही त्याची तीच मालमत्ता. परंतु आपण घरी जाल तेव्हा घरातल्या वडील माणसांना जुन्या गाण्यांबरोबर एवढे जरूर विचारा, की त्या वर्षी पगार किती होता, कर्ज कोणाचे होते आणि भीती कशाची वाटे. आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. आमच्या वडिलांना मी फार उशिरा विचारले. आपण उशीर करू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.