भिंगारमध्ये घर बांधायचंय? आधी 1803 मध्ये जाऊ

नगरची महापालिका शेजारीच, पण भिंगार छावणीतल्या घराचा नकाशा मंजूर करतं कॅन्टोन्मेंट बोर्ड. असं का?

ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. पुढे इथे इंग्रजांची छावणी वसली. अशा अनेक छावण्यांत जमीन सरकारची, वरचं घर राहणाऱ्याचं, अशी पद्धत पडली. 1924 च्या कायद्याने बांधकाम परवानगी बोर्डाकडे दिली. 2006 च्या कायद्यातही ती तिथेच राहिली.

म्हणून पाया खणण्याआधी दोन गोष्टी तपासा. जागा छावणीच्या हद्दीत आहे का? जमीन कुणाच्या नावावर आहे? घर आजोबांचं असलं, तरी जमीन सरकारची असू शकते. आणि विनापरवाना चढवलेला मजला बोर्ड पाडायला लावू शकतं!