कचेरीची वीज आणि गोदेचें पाणी

‘कागद गेला, झाडें वांचलीं’ असा समाधानाचा उद्गार हल्लीं कचेऱ्यांतून वारंवार ऐकूं येतो. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचें अपुरेपण परभणीसारख्या जिल्ह्यास जितकें कळावें तितकें इतरांस क्वचितच कळेल. संगणकाला कागद लागत नसला तरी वीज लागते. कोळशाच्या विजेला पाणी लागतें. आणि तें पाणी कोणत्या नदीचें, याचें उत्तर या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासांतच सांपडतें.

प्रथम जुन्या दफ्तराकडे पाहूं. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होती. सरकारी दफ्तराची भाषा प्रथम फारसी आणि पुढें उर्दू. मराठी लिहिणाऱ्यांचे हिशेब मात्र पुष्कळ ठिकाणीं मोडींत. बोरू, शाई, कागद आणि कागद बांधून ठेवण्याचा रुमाल, एवढीच त्या लेखनाची सामग्री. बोरू झिजला कीं पुन्हा तासावयाचा, रुमाल विरेपर्यंत वापरावयाचा. ही काटकसर कोणत्याही तत्त्वज्ञानांतून आलेली नव्हती. वस्तूची झीज डोळ्यांसमोर घडे, म्हणून ती आपोआप अंगीं बाणे. अर्थात् त्या दफ्तरास वाळवी लागे, ओल येई, आणि एका उताऱ्यासाठीं शेतकऱ्यास हेलपाटे घालावे लागत, हें विसरून गतकाळाचे गोडवे गाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

त्यानंतर विजेचें युग आलें. जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. तेथील जलविद्युत्-केंद्राची शक्ति २२.५ मेगावॅट. पुढें १९७१ सालीं शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळी येथें कोळशावर चालणाऱ्या केंद्राचा पहिला संच सुरू झाला. संगणक तर मुंबईंत याआधींच अवतरला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं तयार झालेल्या ‘टिफ्रॅक’ यंत्रांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. आज त्याहून कितीतरी अधिक काम करणारें यंत्र खिशांत मावतें, आणि २०१८ पासून शेतकऱ्यास डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. ही सोय लहानसहान नव्हे.

मग एका यंत्राचा खर्च इतका कमी झाला असतां एकंदर खर्च कां वाढला? या कोड्याचें उत्तर इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानें १८६५ सालींच देऊन ठेविलें आहे. वाफेचें यंत्र सुधारून कोळसा कमी लागूं लागला, तेव्हां देशाचा कोळसा वांचला नाहीं, यंत्रेंच वाढलीं. संगणकाचें तसेंच झालें. जगांतील माहिती-केंद्रांनीं २०२४ सालीं सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. जगाच्या एकंदर वापराचा हा सुमारें दीड टक्का होय.

या आंकड्यांचा परभणीशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. सोनपेठ तालुक्यांत गोदावरीवर खडका येथें बंधारा आहे. परळीच्या केंद्रास पाणी तेथून जातें. कोळशाच्या केंद्रांत यंत्रणा थंड ठेवण्यासाठीं पुष्कळ पाणी वाफ होऊन उडून जातें. फेब्रुवारी १९१३ नव्हे, अगदीं कालच्या फेब्रुवारी २०१३ मध्यें, दुष्काळानें पाणी आटलें आणि परळीचे ११३० मेगावॅटचे पांचही संच बंद पडले. जुलै २०१५ मध्यें पाण्याअभावीं पुन्हा तीच गति झाली. विजेचें जाळें सर्व देशाचें एक असल्यानें कोणत्या कचेरींत कोणत्या केंद्राची वीज जळते हें दाखवितां येत नाहीं. तथापि दूरच्या शहरांत रात्रभर उगाच चालू राहिलेल्या यंत्राचा भार ज्या नद्यांवर पडतो त्यांत आपलीही नदी आहे, एवढें मात्र खास. त्याच नदीच्या कांठच्या गांवांत उन्हाळ्यांत घागरभर पाण्यासाठीं बायाबापड्या पायपीट करितात.

उपाय कठीण नाहींत. संगणकाच्या एकंदर प्रदूषणाचा मोठा भाग तो प्रथम सुरू होण्यापूर्वीं, कारखान्यांतच घडून गेलेला असतो. म्हणून चार वर्षांचें यंत्र दुरुस्त करून आठ वर्षें वापरणें, हीच पहिली बचत. सायंकाळीं यंत्र सर्वस्वीं बंद करावें. एकच कागदपत्र दहा ठिकाणीं सांठवूं नये. निकामी यंत्रें भंगारवाल्यास न देतां अधिकृत पुनर्वापर-केंद्राकडे द्यावींत. त्यांतील शिसें मातींत व पाण्यांत उतरतें. याविषयींचे नियम आपल्या देशांत २०१२ पासून अंमलांत असून २०२३ पासून ते नव्या स्वरूपांत लागू आहेत. तरीही जगांत २०२२ सालीं निघालेल्या ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचऱ्यापैकीं चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

जुन्या कारकुनास बोरूची झीज दिसत होती. आपणांस गोदेची झीज दिसत नाहीं. ती दिसावी म्हणून प्रत्येक कचेरीनें आपल्या विजेचें मासिक बिल दारावर लावावें, आणि शेजारीं खडक्याच्या बंधाऱ्यांतील पाण्याची पातळीही लिहावी. मग यंत्र बंद करण्याचा हुकूम काढण्याची गरज बहुधा पडणार नाहीं.