नाताळची तिथी आणि उगमाचा प्रश्न

ख्रिस्ती सणांचे व प्रतीकांचे मूळ मूर्तिपूजक धर्मांत आहे, हे विधान आजवर इतक्या वेळा केले गेले आहे की त्यास पुराव्याची अपेक्षा आहे, असे बहुधा कोणास वाटतच नाही. नाताळ हा मुळात सूर्याचा उत्सव आणि ईस्टर हा एका वसंतदेवतेचा, अशी समीकरणे सहज मांडली जातात. परंतु साम्य आणि उगम या भिन्न गोष्टी होत. साम्य पाहता येते. उगम मात्र कालक्रमाने सिद्ध करावा लागतो.

या दृष्टीने नाताळची तिथी तपासून पाहण्याजोगी आहे. रोमन सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४ मध्ये सूर्याचे मंदिर उभारले आणि त्या ‘अजिंक्य सूर्या’चा जन्मदिवस पुढे चर्चने उचलला, असे सांगण्यात येते. मंदिराची गोष्ट खरी आहे. परंतु २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाची सर्वांत जुनी नोंद इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगसंग्रहात मिळते. त्याच संग्रहातील हुतात्म्यांच्या यादीत, जी विद्वान ३३६ च्या सुमाराची मानतात, त्याच तिथीस ख्रिस्तजन्म नोंदलेला आहे. दोन्ही नोंदी एकाच ग्रंथात असल्याने कोणी कोणापासून घेतले, याचा निर्णय त्यावरून होत नाही. तिथी सूर्योत्सवामुळे बदलण्यात आली, असे स्पष्टपणे सांगणारे टिपण बाराव्या शतकातील सिरियाक लेखक डायोनिसियस बार सलीबी याच्या ग्रंथास जोडलेले आढळते. म्हणजे मूळ घटनेनंतर सुमारे आठशे वर्षांनी.

दुसरी उपपत्ती गणिताची आहे. ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्च रोजी झाला, ही समजूत टर्टुलियनच्या काळापासून, म्हणजे इ. स. २०० च्या सुमारापासून आढळते. गर्भधारणाही त्याच तिथीस झाली, असे ऑगस्टिन पाचव्या शतकाच्या आरंभी नमूद करतो. त्यापुढे नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. परंतु ऑगस्टिनने लिहिले तेव्हा सण रूढ झालेला होता. यास्तव ही उपपत्तीही संभाव्यतेपलीकडे जात नाही.

ईस्टरची कथा याहून दुबळी आहे. ईओस्त्रे या देवतेचा उल्लेख केवळ बीड याच्या ७२५ च्या कालगणनाविषयक ग्रंथात येतो, आणि तोही एका इंग्रजी महिन्याच्या नावाच्या संदर्भात. या सणाच्या तिथीवरून आशिया मायनर आणि रोम यांच्यात दुसऱ्या शतकातच वाद झाला होता. ग्रीक व लॅटिन भाषांत त्याचे नाव ‘पास्का’, जे हिब्रू ‘पेसाह’वरून आलेले आहे. इंग्रजी नावावरून सणाचा जन्म ठरवणे म्हणजे पाटीवरून घराचा पाया ओळखणे होय.

म्हणून संपर्कच नव्हता, असेही म्हणता येत नाही. पाचव्या शतकाच्या मध्यास संत पीटरच्या देवळाच्या पायऱ्यांवर सूर्याला वंदन करणाऱ्या ख्रिस्ती जनांची पोप लिओ यांनी कानउघाडणी केली. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी मेलिटसला कळविले की इंग्लंडातील देवळे पाडू नयेत. मूर्ती काढून त्यांत वेद्या स्थापाव्यात. ६०९ मध्ये रोमचे पँथिऑन मेरी व हुतात्म्यांना समर्पित झाले. येथे ग्रहण हेतुपूर्वक झाले असून त्याचा लेखी पुरावा आहे.

पुराव्याची ही तारतम्यता वादाच्या ओघात हरवते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. अलेक्झांडर हिस्लॉप याने १८५८ च्या ग्रंथात रोमन चर्चचा संबंध बॅबिलोनशी जोडला. पुढे हीच युक्ती काही बुद्धिवाद्यांनी समग्र ख्रिस्ती धर्माविरुद्ध योजिली. शस्त्र हस्तांतरित झाले. पुरावा मात्र वाढला नाही.

‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मदिवस. ३५४ च्या त्या पंचांगात अजिंक्य सूर्याच्या नावाआधी याच शब्दाचे आद्याक्षर आहे. शब्दाचा प्रवास असा निश्चित दाखविता येतो. तरीही वसईचा भाविक मध्यरात्री देवळात जातो तो सूर्यपूजेसाठी जातो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.