शब्दवेध : रजा
पंचावन्नाव्या वर्षी वर्षभराची रजा मागितली की साहेब म्हणतात, ‘मग निवृत्तीच घ्या ना!’ पण रजा म्हणजे निवृत्ती नव्हे. हा शब्द अरबी ‘रिदा’वरून फारसीमार्गे मराठीत आला, मूळ अर्थ खुशी, संमती. ‘राजी’ त्याचंच भावंड. रजेत देणाऱ्याची मर्जी, तर ‘सुट्टी’त आपलं सुटणं. अशा वर्षभराच्या रजेला इंग्रजीत ‘सबॅटिकल’ म्हणतात; त्याचं मूळ हिब्रू ‘शब्बात’, म्हणजे थांबणं. बायबलच्या जुन्या करारात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये सातव्या वर्षीच्या विश्रांतीची तशीच सवलत प्राध्यापकांना दिली. शेतकरी रान पड टाकतो, ते कस भरून यावा म्हणून. आणि रजेनंतर आपण ‘रुजू’ होतो, त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थच परतणं!